उशिरा पडणारं पाऊल

७ जानेवारी

मामा,

जे होईल ते तिखटमीठ न लावता लिही, असं तुम्ही निघताना म्हणालात. तसं लिहिते.

१. शनिवारी सकाळी बँडच्या खोलीला कुलूप होतं. किल्ली शाळेत कुणाकडेच नव्हती. मामीला फोन केल्यावर कळलं की ती तुमच्या कोटाच्या खिशात आहे आणि कोट तुमच्या अंगावर. कुलूप कापावं लागलं.

२. मुलं सगळी आली. एका ट्रॉम्बोनची नळी अडकली होती, ती सोडवली.

३. मार्च वाजवला. सुरुवातीपासून शेवटापर्यंत गेला.

४. दुसरी रचना वाजवली. मुलं तिला ‘बेडूक’ म्हणतात, कारण तिच्यात सूर ठोक्यावर न बसता दोन ठोक्यांच्या मधे उडी मारतो. पहिल्या उडीलाच बँड थांबला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच थांबला. तिसऱ्या वेळी ट्यूबावाली मुलगी हसली, मग सगळे हसले.

५. निघताना मोठ्या ड्रमवाल्याने विचारलं, “ताई, सर कधी येणार?” गुडघ्याचं ऑपरेशन झालं की, असं मी सांगितलं. “म्हणजे तोपर्यंत तुम्हीच?” मी हो म्हणाले. तो म्हणाला, “असू दे.”

एवढंच झालं.

आता माझं मत. मी कारखान्यात पंपांची थरथर मोजते. यंत्र कुठे डळमळतंय ते मला सांगता येतं. मुलांना शिकवण्याचा अनुभव नाही. लहानपणी तुमच्याच बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलं, तेवढंच भांडवल. तुम्ही परत येईपर्यंतचे शनिवार मी घेईन असं ठरलंय, ते मी घेईन. कार्यक्रम ३० मार्चला आहे. त्या दिवशी बँडपुढे तुम्ही उभे असाल असं मुलं धरून चालली आहेत. मीही.

मार्चमध्ये दोन दोष दिसले. पहिला, सूर एकमेकांना चिकटतात. दुसरा, ‘एक-दोन’ मधला ‘दोन’ उशिरा येतो. किंचित, पण दर वेळी, आणि सगळ्यांचा मिळून. ध्वनिमुद्रण करून तपासलं. पुढच्या शनिवारी मेट्रोनोम स्पीकरला जोडणार आहे. ठोका यंत्राने दिला की हा प्रश्न मिटेल.

तुम्ही फोनवर ओरडता आणि मी गप्प होते, म्हणून पत्र.

भाची

&nbsp;

१३ जानेवारी

इंजिनीअरबाई, खूप आशीर्वाद.

तुझ्या पत्राला मायना नाही, शेपूट नाही, ‘तुमची तब्येत कशी आहे’ एवढंही नाही. पंप बंद पडल्याचा अहवाल वाचतोय असं वाटलं. तब्येत बरी आहे. विचारल्याबद्दल आभारी आहे.

आम्ही उतरलोय ते तुझ्या ताईचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट आहे, पण ती लहर लागेल तेव्हा थांबते. डॉक्टर चांगला आहे, पोरगेलासा आहे. माझा गुडघा पडद्यावर दाखवून म्हणाला, “काका, हा इतकी वर्षं चालवलात कसा?” मी म्हटलं, बँडच्या जोरावर.

किल्लीचं माझं चुकलं. पण कुलूप कापलंस? ते कुलूप माझ्यापेक्षा जास्त वर्षं नोकरीत होतं.

आता कामाचं. सूर चिकटतात हे बरोबर ओळखलंस. सुट्टीनंतर पोरं नेहमी अशीच वाजवतात, ओल्या चपला ओढत चालल्यासारखी. मार्चचा सूर टेकवायचा आणि उचलायचा. पाय जमिनीला लागला की लगेच सुटतो ना, तसा. पण तोडायचा नाही. पोरांना ‘छोटा वाजवा’ म्हणालीस की ती कोंबडीसारखी टोचायला लागतात. ‘हलका वाजवा, पुढच्या सुराआधी जरा हवा राहू दे’ असं म्हण.

‘दोन’ उशिरा येतो हे मात्र मला मान्य नाही. तो आपल्या बँडचा डौल आहे. कपाटाशेजारच्या भिंतीवर प्रशस्तिपत्र लावलंय, ते वाच. परीक्षकांनी लिहिलंय, ‘या बँडच्या मार्चचा डौल काही वेगळाच.’ काही वेगळाच! तुझ्या यंत्राला डौल मोजता येत असेल तर सांग.

मेट्रोनोम कपाटात ठेव. मी आजवर तो वापरला नाही. मी खुर्च्यांच्या मधून चालतो आणि पोरं माझ्या पावलावर वाजवतात. तूही चाल.

मामा

ता. क. ट्यूबावालीला खिडकीजवळ बसवू नकोस. रस्त्यावरून कुत्रं गेलं तरी तिचा सूर त्याच्यामागे जातो.

&nbsp;

२१ जानेवारी

मामा,

नमस्कार. तब्येत कशी आहे?

चिकटण्याचा प्रश्न बराचसा सुटला. मी मुलांना त्यांच्याच आवाजाचा आलेख पडद्यावर दाखवला. सगळे सूर एकाला एक जोडलेले, एकच लांबलचक पट्टा. ट्यूबावाली म्हणाली, “हा अजगर आहे.” मी म्हणाले, “याचे मणी करून दाखवा.” मग दर वेळी वाजवून ती पडद्याशी धावत होती. मणी झाले. नंतर तुमचं ‘हवा राहू दे’ सांगितलं, तेव्हा ते टोचणंही गेलं. मला हे सांगता येतं, करून दाखवता येत नाही. मी क्लॅरिनेटवर दाखवायला गेले तेव्हा ड्रमवाला म्हणाला, “ताई, तुमचं बरोबर आहे, पण सरांचं ऐकलं की उठून चालावंसं वाटतं.” मी त्याच्याशी वाद घातला नाही. त्याचं निरीक्षण बरोबर होतं.

मेट्रोनोम लावला. तुम्ही नको म्हणाला होतात, पण कारण दिलं नव्हतंत. परिणाम असा: अर्धी मुलं यंत्राबरोबर गेली, अर्धी एकमेकांबरोबर. ड्रमवाल्याने काठी खाली ठेवली आणि म्हणाला, “यंत्र चुकतंय.” त्याला खरंच तसं वाटत होतं.

मग मी एकेक शक्यता काढून टाकली. खोलीचा प्रतिध्वनी नाही. मैदानावर नेऊन वाजवलं, तिथेही ‘दोन’ उशिरा. ड्रम नाही, ड्रमशिवाय वाजवलं, तरी तेच. दमही अपुरा पडत नाही. एक गोष्ट विचित्र आहे. कुणी मागे रेंगाळत असेल तर उशीर साचत जातो आणि सगळा वेग उतरतो. इथे ‘दोन’ उशिरा येतो आणि पुढचा ‘एक’ बरोबर वेळेवर. म्हणजे हे रेंगाळणं नाही. मुलं हे कुठूनतरी शिकली आहेत आणि चोख शिकली आहेत.

‘बेडूक’ याच कारणाने अडतो. दोन ठोक्यांच्या मधे सूर टाकायचा तर आधी दोन्ही ठोके जागेवर हवेत. एक पाय डगमगत असेल तर उडी कुठून मारणार?

प्रशस्तिपत्र वाचलं. ते तिरकं लागलं होतं, सरळ केलं.

ट्यूबावालीला खिडकीपासून हलवलं. आता ती दाराकडे बघते.

भाची

&nbsp;

२७ जानेवारी

इंजिनीअरबाई, आशीर्वाद.

तब्येत विचारलीस, भरून पावलो. पण ‘नमस्कार, तब्येत कशी आहे’ हे तू हजेरी घेतल्यासारखं लिहितेस. असो, सुधारणा आहे.

ऑपरेशनची तारीख मिळाली, १२ फेब्रुवारी. त्यानंतर काठी, मग काठीशिवाय. डॉक्टर म्हणतो मार्चअखेर उभे राहाल. मी म्हटलं, उभं राहून काय करू, मला चालायचंय. तुझी मामी म्हणते, इतक्या वर्षांत पहिल्यांदा माणूस दिवसभर घरात सापडतोय, तर जरा राहू दे त्याला जायबंदी.

आता ऐक. तू सगळं तपासलंस, फक्त मी सांगितलं ते केलं नाहीस. चाल. खुर्च्यांच्या मधून चाल. यंत्राचा ठोका कानात शिरतो आणि कानातून निघून जातो. पावलाचा ठोका पोरांना दिसतो. लहानपणी तूच माझ्यामागून क्लॅरिनेट घेऊन खोलीभर फिरायचीस. तेव्हा तुला ‘दोन’ कुठे आहे हे कधी शोधावं लागलं नाही.

आणि ‘बेडका’चं. त्याला एकच युक्ती आहे. पाय खाली, सूर वर. अर्ध्या पोरांना चालव, अर्ध्यांना बसून मधले सूर वाजवू दे. मग अदलाबदल. चालणाऱ्यांनी वाजवणाऱ्यांकडे बघायचं नाही, वाजवणाऱ्यांनी चालणाऱ्यांच्या पायांकडे बघायचं. सिंकोपेशन म्हणजे काही चमत्कार नाही गं. ठोका कुठे आहे हे पक्कं माहीत असलेल्याने तो मुद्दाम चुकवायचा, एवढंच.

चाल, आणि मग लिही.

मामा

&nbsp;

४ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार. तब्येतीचं मामीकडून कळतं.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे चालले. ‘दोन’ उशिरा येण्याचं कारण सापडलं. दुरुस्त होण्यासारखं आहे.

अर्ध्यांनी चालायचं, अर्ध्यांनी वाजवायचं, हे केलं. ‘बेडूक’ पहिल्या उडीच्या पुढे गेला, दुसऱ्या उडीला पडला.

मोठ्या बाई सरावाच्या वेळी येऊन मागे बसल्या होत्या. सहज आल्या असं म्हणाल्या.

ऑपरेशनची काळजी करू नका. इकडचं मी बघते.

भाची

&nbsp;

८ फेब्रुवारी

आशीर्वाद.

हे पत्र आहे की तार? ‘कारण सापडलं’ म्हणतेस आणि कारण लिहीत नाहीस. तू शाळेत असताना गणित सुटलं की पायऱ्यांसकट आणून दाखवायचीस, मी जेवत असलो तरी. आणि मोठ्या बाई सहज कुठे जात नाहीत. मी त्यांना बरीच वर्षं ओळखतो. त्या पाणी प्यायला उठल्या तरी त्यामागे काहीतरी ठराव असतो.

मी पडून असतो. डोक्याला काम नाही. म्हणून दोन आणि दोन करून पाहिले. मुख्याध्यापिका मागच्या बाकावर येऊन बसतात, भाची एकदम तुटक लिहायला लागते, आणि ‘इकडचं मी बघते’. मी गुडघा बदलायला आलोय, तिकडे माझ्यामागे माझी जागा बदलताय का? तसं असेल तर स्पष्ट लिही. तुझ्याविषयी मला राग नाही. म्हणजे थोडा आहे. पण लपवाछपवीचा जास्त आहे.

सोमवारी मला आत नेतात. त्याआधी कारण कळलं पाहिजे. मी अर्धवट माहितीवर भूल घेणार नाही. मामी हसतेय, पण मी खरंच सांगतोय.

मामा

&nbsp;

९ फेब्रुवारी

मामा,

ताईच्या ऑफिसचा जो माणूस तुमचं पत्र घेऊन आला, त्याच्याबरोबरच हे पाठवते आहे, उद्या मिळेल. ऑपरेशनआधी लिहू नये असं मामीचं आणि माझं ठरलं होतं. तुम्ही सरळ विचारलंत, म्हणून सरळ लिहिते.

मी खुर्च्यांच्या मधून चालत होते, मुलं मार्च वाजवत होती. मधेच ट्यूबावालीने वाजवणं थांबवलं आणि म्हणाली, “ताई, तुम्ही चुकीचं चालताय.”

मी विचारलं, “कसं चालायचं?”

“सरांसारखं.”

“दाखव.”

तिने ट्यूबा खुर्चीवर ठेवला, एक हात कमरेवर घेतला आणि चालायला लागली. डावा पाय नेमका टाकायचा. उजवा कमरेतून उचलून, अर्धवर्तुळ काढून, जरा उशिरा टेकवायचा. त्यानंतर लगेच डावा, वेळेवर. मी काही न सांगता ड्रमवाल्याने तिच्या पावलावर ठोका धरला, आणि बाकीची मुलं आत आली. ‘दोन’ बरोबर तिच्या उजव्या पायावर पडत होता. कुणी हसलं नाही. ती तुमची नक्कल करत नव्हती. तिच्या मते मार्च तसाच असतो.

मी कपाटातली जुनी ध्वनिमुद्रणं काढून तपासली. मी बँडमध्ये होते तेव्हा, म्हणजे तुमचा स्कूटरचा अपघात व्हायच्या आधी, ‘दोन’ जागेवर आहे. अपघातानंतरच्या वर्षीपासून तो सरकायला लागतो आणि दर वर्षी थोडा थोडा सरकत जातो. प्रशस्तिपत्र त्यानंतरचं आहे.

म्हणजे कारण तुमचा उजवा पाय. मुलांनी तो तुम्हाला हवं होतं तितकंच लक्ष देऊन शिकून घेतला.

तुम्ही शिकवण्यात चुकलात असं मी म्हणत नाही. तुमची पद्धत इतकी चांगली चालते की तुम्हाला माहीत नसलेलंही मुलांपर्यंत पोचलं.

मोठ्या बाईंचं नंतर लिहीन. ते महत्त्वाचं नाही.

सोमवारी मी कामावर असेन, पण फोन जवळ ठेवेन.

भाची

&nbsp;

२५ फेब्रुवारी

चि. सोन्यास,

मामीचे आशीर्वाद. मी पत्र लिहिणारी नाही हे तुला माहीत आहे, आणि अक्षराला हसू नकोस.

ऑपरेशन छान झालं. जखम सुकली. खातात-पितात नीट. पण बँडचा विषय काढत नाहीत. तू काय लिहिलंस ते मला वाचू दिलं नाही, तरी मला माहीत आहेच. पत्र चष्म्याच्या डबीत घडी करून ठेवलंय. चष्मा बाहेर, पत्र आत.

व्यायाम शिकवणारी मुलगी रोज येते. ती यांना जिन्यासमोरच्या बोळातून चालवते. गुडघा कोरा करकरीत, दुखत नाही म्हणतात, पण चालतात अगदी जुन्यासारखं. ती मुलगी म्हणाली, “काका, गुडघा बदलला, आता चालायचं कसं ते विसरा आणि पुन्हा शिका.” एरवी तिला दहा गोष्टी ऐकवल्या असत्या. त्या दिवशी गप्प बसले. मला तेच आवडलं नाही.

परवा शेजारचा कुणी जिना चढत होता, तर हे दाराशी उभं राहून त्याच्या पावलांचा आवाज ऐकत होते. मी विचारलं, “काय ऐकताय?” म्हणाले, “लोक किती सरळ चालतात गं.”

तू खरं लिहिलंस ते बरं केलंस. माझ्याकडून आयुष्यात झालं नसतं. पण आता पुढचंही तूच बघ.

मामी

&nbsp;

२ मार्च

चि. भाचीस, आशीर्वाद.

उशीर झाला. नेहमीप्रमाणे उजव्या बाजूने.

तुझं पत्र मी त्याच दिवशी तीनदा वाचलं. राग शोधत होतो, पण तुझ्या पत्रात राग धरायला जागाच सापडत नाही, सगळं घासूनपुसून ठेवलेलं. मग ताईच्या पोराच्या फोनवर प्रशस्तिपत्राच्या वर्षीचा मार्च ऐकला. तू म्हणतेस तसंच आहे. एकदा ऐकू आलं की ते ऐकू येणं बंद होत नाही. ‘डौल काही वेगळाच.’ डौल कसला, गुडघ्याची वाटी होती ती.

मी इतकी वर्षं पोरांना सांगत आलो, माझ्याकडे बघा. त्यांनी बघितलं.

आता माझा निर्णय. गुडघा नवा झाला, चाल जुनीच आहे. ती जाईल म्हणतात, पण कधी ते कुणी सांगत नाही. मामीच्या फोनवरून कळलं, तू पोरांना सरळ केलंयस. मी समोर आलो की दोन शनिवारांत ती परत लंगडायला लागतील, आणि तुझी सगळी मेहनत पाण्यात. कार्यक्रमाला मी मागच्या रांगेत बसेन. दोन्ही रचना तू घे. कार्यक्रमपत्रिकेवर तुझं नाव घाल. मोठ्या बाईंनी तुला काय विचारलं असेल ते मला न सांगता कळतंय. हो म्हण. जागा रिकामी आहे.

हे मी रुसून लिहीत नाहीये. मामीला विचार. रुसलो की मी जेवत नाही, आणि मी जेवतोय.

‘बेडूक’ कुठवर आला, तेवढं कळव.

मामा

&nbsp;

१६ मार्च

मामा,

नमस्कार. तब्येतीचं सविस्तर कळलं. मामी दर दोन दिवसांनी फोन करते आणि तुम्ही शेजारी बसून काय काय सांगायचं ते तिला सुचवत असता, ते ऐकू येतं.

तुमचं पत्र आलं त्याच आठवड्यात सरळ उत्तर देता आलं असतं. पण तुम्ही एक विधान केलं होतं: मी समोर आलो की मुलं परत लंगडतील. ते खरं की खोटं हे मला माहीत नव्हतं. म्हणून आधी तपासलं.

त्या शनिवारी मार्च सुरू केला आणि खुर्च्यांच्या मधून तुमच्यासारखी चालले. ट्यूबावालीकडून नीट शिकून घेतलं होतं. बँड एक ओळही टिकला नाही, लगेच माझ्या उजव्या पायामागे गेला. तुमचं म्हणणं बरोबर निघालं.

मग मी वाजवणं थांबवून मुलांना सगळं सांगितलं. सरांचा गुडघा दुखत होता, म्हणून पाऊल उशिरा पडायचं, आणि तुम्ही ते पाऊल शिकलात. मग ड्रमवाला म्हणाला, “म्हणजे सर दुखत असताना चालायचे? दर शनिवारी?” मी हो म्हणाले. त्याने काठी हातात घेतली आणि म्हणाला, “ताई, परत चाला. ठोका मी सोडत नाही.”

परत चालले. पाऊल माझं, ठोका तुमचा, एवढाच नियम सांगितला. त्या दिवशी ती चार वेळा घसरली. आज मी चालत असताना ती माझ्याकडे बघून वाजवत होती आणि ‘दोन’ जागेवर होता. मग मी त्यांना चकवायला मधेच डावा पाय ओढला, थांबले, उलटी चालले. बँड हलला नाही. ट्यूबावालीने वाजवता वाजवता मला जीभ दाखवायचा प्रयत्न केला, म्हणून तिचे दोन सूर गेले. ते मी मोजणीत धरले नाहीत.

आता ‘बेडूक’. मी ठरवून केलं असं म्हणता येणार नाही, पण झालं ते असं. ठोका पक्का धरून उशिरा पडणाऱ्या पावलाकडे बघत राहायचं, हे मुलांना जमलं. त्याच ठिकाणी आता सूर टाका, असं मी म्हणाले. उडी पहिल्या प्रयत्नात गेली. दुसरीही. तुमचा पाय खरं तर ठोक्यांच्या बरोबर मधोमध पडत नाही, त्याच्या बराच आधी पडतो. म्हणून मला तुमच्यापेक्षा जास्त लंगडावं लागलं. मुलं त्या जागेला आता ‘सरांचं पाऊल’ म्हणतात. “इथे सरांचं पाऊल आहे, लवकर येऊ नकोस,” असं एकमेकांना सांगतात. ‘बेडूक’ आज शेवटापर्यंत गेला. दोनदा. दोन्ही ध्वनिमुद्रणं ताईच्या फोनवर पाठवली आहेत.

मार्चचंही पाठवलं आहे. तो मात्र कार्यक्रमासाठी नाही. मी मुलांना तो तुमच्या बोळातल्या चालीच्या वेगाने वाजवायला लावला. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीला विचारून वेग ठरवला. थकायला होईल म्हणून मधे विसाव्याच्या जागा सोडल्या आहेत. रोज सकाळ-संध्याकाळ त्यावर चाला. ‘दोन’ कुठे आहे ते मुलं तुम्हाला दाखवतील. त्यांना हे काम आवडलंय. ड्रमवाल्याने सांगितलंय की सरांनी मधे पळवाट काढली तर त्याला कळवायचं.

मोठ्या बाईंचं. त्यांनी मला जानेवारीतच विचारलं होतं, बँड कायमचा घ्याल का. मी तेव्हा नाही म्हणाले. तुम्हाला लिहिलं नाही, कारण नाही म्हटलेल्या गोष्टीची बातमी होत नाही असं मला वाटलं. त्यावरून तुम्ही जागा बदलण्यापर्यंत पोचाल हे ध्यानात आलं नाही. या आठवड्यात त्यांनी पुन्हा विचारलं. मी सांगितलं की मला कारखाना सोडायचा नाही, शनिवार देईन, आणि बँडला दोन माणसं लागतात. मोजून नीट बसवायचं काम मी करेन. सूर टेकवून उचलायचा कसा हे मला सांगता येतं, करता येत नाही. माझ्या मार्चवर कुणाला उठून चालावंसं वाटत नाही. ते तुमचं काम आहे, आणि ते शिकवणारं दुसरं कुणी माझ्या माहितीत नाही. मोठ्या बाईंना हे मान्य आहे.

म्हणून ३० तारखेची व्यवस्था अशी. मार्च तुम्ही घ्यायचा, ‘बेडूक’ मी. सभागृह पाहून आले. बाजूच्या दारापासून मंचापर्यंत सपाट आहे, मंचाला पायऱ्या आहेत आणि उजवीकडे कठडा आहे. काठी घेऊन या, न घेता या, जसे चालाल तसे या. बँड बिघडणार नाही. तपासलं आहे.

कापलेल्या कुलपाच्या जागी नवं आणलं आहे. त्याच्या दोन किल्ल्या आहेत. एक मामीच्या नावाने तिकडे पाठवली आहे.

कार्यक्रमपत्रिका गुरुवारी सकाळी छापायला जाते. मार्चच्या पुढे तुमचं नाव घालायचं आहे. हो की नाही ते बुधवार, २० मार्चच्या संध्याकाळपर्यंत कळवा.

भाची